वीणेचा पहारा

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 16 आणि 17



सहाव्या अध्यायात आसन कसं असावं, जागा कशी असावी, नजर कुठे ठेवावी, हे सगळं सांगून झालं आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, आता पुढे काहीतरी गूढ येणार. आणि भगवंत बोलतात काय, तर जेवणाबद्दल आणि झोपेबद्दल! फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. सारखा झोपणाऱ्याला साधत नाही, तसा सारखा जागणाऱ्यालाही साधत नाही. मग लगेच पुढच्या श्लोकात सांगतात की ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, कामातली धडपड, झोप आणि जाग हे सगळं मापात आहे, त्याचा योग दुःख घालवणारा होतो.

हे सांगितलं कोणाला, ते बघा. अर्जुनाला. गीतेत अर्जुनाला ‘गुडाकेश’ म्हटलं आहे. गुडाका म्हणजे झोप आणि ईश म्हणजे स्वामी, असा अर्थ परंपरेने लावला जातो. झोप जिंकली म्हणून ज्याला नाव मिळालं, त्यालाच देव सांगतात की बाबा रे, जागरणालाही माप असू दे. मला या दोन श्लोकांतलं हे सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं.

आज हे चिंतन मुद्दाम धंदा-व्यवसाय करणाऱ्यांसाठी लिहितो आहे. आपल्यात गुडाकेश फार झालेत. ‘मी चार तासच झोपतो’ हे आपण अभिमानाने सांगतो. ‘दहा वर्षांत सुट्टी घेतली नाही’ हे तर भाषणात सांगतो, आणि लोक टाळ्या वाजवतात.

मीही याच गोतावळ्यातला. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीनशॉप आहे, 14 माणसं कामाला. त्यामुळे आमचा महिना कसा जातो ते पुस्तकातून वाचावं लागत नाही. 5 तारखेला बँकेचा हप्ता, 7 तारखेला पगार, 15 तारखेला पीएफ, 20 तारखेला जीएसटी, आणि मध्ये कुठेतरी लाईट बिल. माल गेला, बिल फाडलं, की त्यावरचा जीएसटी आपण भरायचा, समोरच्याचे पैसे आले असोत की नसोत. पंचांगात तिथीचा क्षय होतो, या तारखांचा कधी होत नाही.

अशा माणसाच्या शरीराचं काय होतं, त्याचं वर्णन गीतेच्या पहिल्याच अध्यायात आहे. अर्जुन स्वतः सांगतो की अंग गळून चाललंय, तोंडाला कोरड पडलीय, शरीर कापतंय, अंगावर काटा आलाय, धनुष्य हातातून निसटतंय, कातडीची आग होतेय, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. आजच्या डॉक्टरपुढे हीच यादी ठेवली तर तो आधी बीपी बघेल आणि मग विचारेल, ‘कामाचा ताण किती आहे?’

एक लक्षात घ्या. हे लक्षण दुबळ्या माणसाचं नाही. सगळं सैन्य ज्याच्या भरवशावर उभं आहे, त्याचं आहे. भगवंतांनीही त्याला ‘तू लढवय्या असून हे काय’ असं सुनावलं खरं, पण तेवढ्यावर सोडलं नाही. रथ दोन सैन्यांच्या मधेच उभा ठेवला आणि तिथे बसून त्याच्याशी बोलले. ताण आला की रान गाठायचं, असा गीतेचा सल्ला नाही, आणि दात-ओठ खाऊन ओढत राहा, असाही नाही. दोन्ही टोकं सोडून मधे काय आहे, ते या श्लोकातला ‘युक्त’ हा शब्द सांगतो. सतराव्या श्लोकात तो तीनदा आला आहे.

‘युक्त’ ज्या धातूतून आला त्याचा अर्थ जोडणं, जुंपणं. आपल्या बैलाच्या मानेवरचं ‘जू’ त्याच कुळातलं. जू दोन बैलांच्या खांद्यावर असतं, तेव्हाच नांगर सरळ चालतो. एकाच बैलावर टाकलं तर ते जू राहत नाही, नुसतं ओझं होतं.

आता एक खरी गोष्ट सांगतो. नाव-गाव विचारू नका.

आमच्या वसाहतीत एक फौंड्रीवाले आहेत. 35 माणसं, दोन फर्नेस, वडिलांनी सुरू केलेला कारखाना. एका मोठ्या कंपनीचं काम त्यांच्याकडे निम्म्याहून जास्त होतं. त्या कंपनीने बिलं थकवायला सुरुवात केली. 45 दिवस झाले, 60 झाले, 90 झाले. पट्टीचा माणूस, पण कुणाला बोलला नाही. बायकोला नाही, भावाला नाही, कामगारांना तर नाहीच. सकाळी सगळ्यांच्या आधी गेट उघडायला हा, रात्री शेवटची हीट ओतून झाल्यावर दिवे बंद करायलाही हाच. जेवणाचा डबा संध्याकाळी तसाच घरी परत. रात्री दोन वाजता उठून मोबाईलवर बँकेचं खातं बघायचं. रात्री दोनला कोण पैसे टाकणार? पण बघायचं.

एका रात्री त्यांच्या घरून फोन आला. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हे गॅलरीत नुसते उभे राहतात हो तासन् तास. मला भीती वाटते. तुमचं ऐकतील, एकदा येऊन बोला.”

त्या ‘भीती वाटते’चा अर्थ मला लगेच कळला. गेलो. बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, “दादा, मी एक दिवस घरी बसलो तर कारखाना बंद पडेल. 35 घरं आहेत माझ्यावर.”

मी त्यांना गीता सांगितली नाही. त्या वेळी कोणी श्लोक ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. त्यांच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो, त्याची आठवण काढली. विचारलं, “सप्ताहात वीणा किती दिवस चालू असते?”

“सात दिवस. रात्रंदिवस.”

“खाली ठेवतात का?”

“छे! वीणा खाली टेकवायची नसते.”

“मग सातही दिवस एकाच माणसाच्या गळ्यात असते का?”

ते गप्प झाले. मंडळी, ज्यांनी सप्ताह बघितला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. वीणेचा पहारा असतो. ठरल्या वेळेला पुढचा वारकरी येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ज्याने दिली तो जाऊन जेवतो, झोपतो. त्याला कोणी कामचुकार म्हणत नाही. उलट, ‘मीच सात दिवस उभा राहणार’ असं कोणी म्हणाला, तर गावकरी त्याला बाजूला घेऊन समजावतील. चौथ्या दिवशी तो पडेल आणि त्याच्याबरोबर वीणाही पडेल, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे अखंड राहायचं असतं ते नाम. उभं राहणाऱ्याने अखंड असावं अशी कोणाची अपेक्षा नसते.

धंद्याचंही असंच आहे. कारखाना चालू राहिला पाहिजे हे खरं. पण ‘मी’ चालू राहिलो तरच तो चालू राहील, हे ‘मी’ नावाच्या माणसाने घेतलेलं जास्तीचं ओझं आहे. त्यात जबाबदारी किती आणि अहंकार किती, हे ज्याचं त्याने रात्री दिवा मालवल्यावर तपासावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक गोष्ट केली. 20 वर्षं त्यांच्याकडे असलेल्या सुपरवायझरला केबिनमध्ये बोलावून खरी परिस्थिती सांगितली. तो म्हणाला, “मालक, आमाला काय दिसत न्हाई व्हय? पोरांस्नी सगळं ठावं हाय. तुमी बोलत न्हवता, म्हणून आमी बी गप.”

केवढं हे वाक्य! तीन महिने जे गुपित हा माणूस रक्त आटवून जपत होता, ते सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते उचलायला कुणाला बोलावलं नव्हतं.

मग पहारे वाटले गेले. रिजेक्शन सुपरवायझरने बघायचं, त्यात मालकाने डोकं घालायचं नाही. थकलेल्या बिलांचा पाठपुरावा पुतण्याने करायचा, रोज सकाळी 11 वाजता, एकदाच. बँकेत स्वतः मालकाने जायचं. तेही हप्ता चुकल्यावर तोंड लपवत नव्हे, चुकण्याआधी कागद घेऊन. कर्जाचं खातं 90 दिवस थकलं की ते बुडीताच्या वर्गात जातं. त्याच्या आधी बोलायला गेलेल्या माणसाशी बँक जे बोलते, ते नंतर बोलत नाही.

शेवट फार गोड झाला असं सांगणार नाही. त्या महिन्यात पगार दोन टप्प्यांत झाले. चार माणसं सोडून गेली. एक फर्नेस बरेच महिने बंद होता. पण कारखाना आहे, आणि मुख्य म्हणजे माणूस आहे. डबा आता रिकामा परत येतो, असं वहिनी सांगतात.

या गोष्टीकडून परत श्लोकाकडे येऊ. ‘युक्त’ हा शब्द खाण्या-झोपण्याला जसा लावला, तसा कर्मातल्या चेष्टेलाही लावला आहे. चेष्टा म्हणजे इथे थट्टा नव्हे, हालचाल, प्रयत्न. म्हणजे प्रयत्नालाही माप. काही जण याचा अर्थ लावतात, ‘देव बघून घेईल, आपण शांत बसावं.’ तसं नाही. कमी प्रयत्न हेसुद्धा माप चुकणंच आहे.

पैसे थकलेत तर शांत चित्ताने पत्र लिहा. 2006 च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना संरक्षण आहे. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे पैसे थांबवता येत नाहीत, आणि करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. त्यासाठी आपली उद्यम नोंदणी वेळेत केलेली हवी. 1 एप्रिल 2024 पासून आयकराचा नियमही असा झाला की या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. शिवाय ट्रेड्ससारखी सोय आहे, जिथे मोठ्या कंपनीने मान्य केलेल्या बिलावर बँकेकडून आधी पैसे मिळू शकतात. ‘तक्रार केली तर ऑर्डर जाईल’ ही भीती खोटी नाही, मला ती चांगली माहीत आहे. आज हे लिहितानाही माझ्या टेबलावर 62 दिवसांचं एक बिल पडून आहे. पण हक्काचं पत्र नम्रपणे लिहिणं हे कर्म आहे, आणि रात्री दोनला खातं उघडून बघणं ही तगमग आहे. पत्राने काहीतरी हलतं, खातं बघून फक्त झोप जाते.

ज्ञानेश्वर माउलींनी शके 1212 मध्ये नेवाशाला हा अध्याय मराठीत उलगडला. या जागी ते मापाचीच भाषा करतात. खाणं मोजकं, बोलणं मोजकं, पाऊलही मोजकं. आणि झोपेबद्दल तर ते आदराने बोलतात. वेळ झाली की तिलाही तिचा मान द्यायचा. आपण झोपेला उधारीवर ठेवतो आणि बाकी सगळ्यांची बिलं आधी चुकवतो.

वारीतही हेच माप आहे. आळंदी-देहूहून पंढरपूरला पालख्या निघतात त्या पळत जात नाहीत. सकाळची न्याहारी ठरलेली, दुपारचं जेवण ठरलेलं, वाटेतला विसावा ठरलेला, रात्रीचा मुक्काम ठरलेला. लाखो माणसं पोचतात, त्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्या असतात. पळून नव्हे, विसावत पोचतात. तुमच्या दिवसात विसाव्याची जागा कोणती, हे आज स्वतःला विचारा. ‘जमलं तर घेईन’ म्हणालात, तर तो विसावा कधीच येणार नाही. वारीत त्याची जागा आधीच ठरलेली असते.

आता जरा कठीण भाग. कधीकधी सगळं करूनही धंदा बुडतो. अशा वेळी मला तुकोबा आठवतात. आपण त्यांना संत म्हणून ओळखतो. पण ते देहूचे महाजन, घरी सावकारी, बाजारात दुकान. 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. गुरं गेली, पैसा गेला, बाजारातली पत गेली, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. आजच्या भाषेत ज्याला दिवाळं म्हणतात, ते त्यांनी पाहिलं. परंपरा सांगते की पुढे त्यांनी कर्जखतांचे दोन भाग केले, भावाचा भाग भावाला दिला आणि आपला भाग इंद्रायणीत सोडला.

तुम्ही उद्या जाऊन येणी माफ करा, असं मी म्हणत नाही. भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही, हेही बघा, दुसऱ्याच्या हक्काला हात लावला नाही. मला त्यातून घ्यायचं ते एवढंच. दुकान बुडालं, तुकोबा बुडाले नाहीत. त्या वर्षी देहूच्या बाजारात कोणी म्हणालं असेल, ‘संपला बिचारा.’ आज साडेतीनशेहून जास्त वर्षांनी त्यांच्या पादुका पालखीत निघतात. धंदा हे आपलं काम आहे, आपलं सगळं असणं नव्हे. 7 तारखेचा पगार चुकला तर ते दुःख आहे, लाज आहे, निस्तरायचं संकट आहे. पण त्यासाठी जीव द्यावा एवढी त्याची किंमत नाही. आपल्या घरातल्यांना आपण पाहिजे असतो, ताळेबंद नंतर.

म्हणून हे स्पष्ट लिहितो. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, छातीत दुखत असेल, जगणं नको वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठा, मग पारायण करा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, 14416 हा क्रमांक, चोवीस तास चालू. मराठीत बोलता येतं. औषध घेणं हा श्रद्धेचा कमीपणा नाही. आहाराचं माप सांगणारा देव औषधाला नको कसा म्हणेल?

याच अध्यायात पुढे अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरणं कठीण. भगवंत त्याला खोटं पाडत नाहीत. ‘कठीण आहेच’ असं कबूल करून दोन उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे रोज थोडं, न चुकता. वैराग्य म्हणजे धंदा सोडणं नव्हे, ‘माझ्यामुळेच सगळं चाललंय’ हा हट्ट सोडणं.

आजचा अभ्यास

1. तुमच्या कामातला एक पहारा आज दुसऱ्याच्या गळ्यात द्या. दिल्यावर मागे उभं राहून सूर तपासत बसू नका.

2. दुपारचं जेवण बसून, फोन उलटा ठेवून.

3. रात्री 10 नंतर बँकेचं खातं उघडायचं नाही. ते सकाळीही तेवढंच असतं.

4. मनात दडवलेली एक अडचण घरातल्या किंवा कामावरच्या एका माणसाला सांगा. बहुधा त्याला ती माहीत असेलच.

प्रार्थना

पांडुरंगा, तू अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहेस, आम्हाला ते जमायचं नाही. आमच्या गळ्यात वीणा आली की ती नीट धरायची ताकद दे, आणि पुढचा माणूस आला की त्याच्या पाया पडून ती देण्याची नम्रता दे. ज्यांची घरं आमच्या कामावर चालतात त्यांना सुखात ठेव. आज रात्री ज्या कोणाचा डोळा लागत नाही, त्याच्या उशाशी क्षणभर बस.

रामकृष्णहरी.